निरोगी सात

"या बाई, टेका. चूळ भरते अन् मग करते सही," अनुसया आक्का म्हणाल्या. म्हणजे तसं म्हणाल्या असं मी धरून चालले, कारण त्यांचं बोट तोंडात होतं.

सकाळचे सात वाजले होते. कोरेगावहून निघणाऱ्या पहिल्या एसटीनं मी शिंगणगावात उतरले होते. बायका रानात जायच्या आधी गाठायच्या, म्हणून एवढी घाई. खांद्याला पिशवी आणि पिशवीत संमतीपत्रांचा गठ्ठा. आक्का दाराबाहेरच्या दगडावर उकिडव्या बसल्या होत्या. डाव्या तळव्यावर काळी पूड, शेजारी पत्र्याची डबी, उजव्या हाताचं बोट दातांवरून सावकाश फिरतंय, डोळे अर्धे मिटलेले. मशेरी लावणं चाललं होतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि तिनं दात घासायचे. आमच्या सातारा भागात कित्येक बायकांचा दिवस तिच्याशिवाय उगवत नाही.

मी उभी होते ती उभीच राहिले.

मी या गावात वर्षभरापूर्वी येऊन गेले होते. तेव्हा शाळेत शिबिर घेतलं होतं, दुपारी तीन वाजता. सगळे जेवून, चूळ भरून, स्वच्छ तोंडानं आले होते. दाताच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंडं पाहिली, मी एकेकाला फॉर्मवरचे प्रश्न विचारले आणि छोट्या बाटलीत थुंकी घेतली. फॉर्मवर चौथा प्रश्न होता, तंबाखू खाता का? आक्कांच्या नावापुढे मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, नाही.

"आक्का," मी म्हणाले, "मागल्या वर्षी म्या इचारलं हुतं तुमास्नी. तंबाखू खाता का म्हणून."

"मग?"

"तुमी न्हाई म्हणाला हुता."

"न्हाईच खात की!" आक्का खऱ्याखुऱ्या चकित झाल्या. "आमच्या मालकांचं बगा, दिसभर गाल फुगल्याला. म्या कवा हात लावला न्हाई बया तंबाखूला."

आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. तंबाखू म्हणजे तळहातावर चुना घेऊन मळायची ती, पुरुषांची. मशेरी म्हणजे दात घासणं. देवपूजेआधी करायची गोष्ट, तिला व्यसन कोण म्हणेल?

त्यांनी तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि कळ आल्यासारखा चेहरा केला.

"पाणीबी झोंबतंय आताशा," त्या म्हणाल्या. "तिखट तर बंदच केलंय."

"तोंड दावा बघू."

डाव्या गालात आतल्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा चट्टा होता. रुमालानं पुसून पाहिला, जाईना.

"डाक्टरला दावलं का?"

"सून लागलीया मागं, दावा, दावा म्हणून. म्या म्हणलं, पुण्याच्या कंपनीनं माझी थुकी निरोगी म्हणून नेलीया. येवढ्या शिकल्याल्या मान्सांस्नी काय कळत न्हाई व्हय?" आणि मग आतिथ्य म्हणून त्यांनी डबी माझ्यापुढे धरली. "घ्या वाईच. अंधारातच निघाला असाल."

त्या माझ्याकडे पाहून हसत होत्या. त्यांना काय दिसलं होतं कोण जाणे.

*

आता आमच्या कंपनीविषयी सांगायला हवं. आज मुखवेध ही चाचणी देशात बऱ्याच ठिकाणी होते, कंपनीत तीनशेच्या वर माणसं आहेत, दारात काच आहे आणि काचेआड हसणारी एक मुलगी आहे, जी मलाही ओळखपत्र दाखवायला लावते. पण ही २००९ सालची गोष्ट. तेव्हा आम्ही पुण्यात एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या अडीच खोल्यांत होतो. आधी तिथे गणिताचे क्लास चालायचे. भिंतीवरचा फळा सरांनी काढू दिला नव्हता.

सर म्हणजे डॉ. केसकर. वीस वर्षं एका संशोधन संस्थेत काढल्यावर त्यांना शोध लागला की, तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात होत असतानाच थुंकीत एक विशिष्ट प्रथिन वाढू लागतं. निबंध छापून आला, टाळ्या झाल्या आणि शोध कपाटात गेला. सर मात्र कपाटात जाईनात. "कपाटातल्या शोधानं कोणाचं तोंड बरं झालंय?" असं म्हणत त्यांनी नोकरी सोडली, संस्थेकडून शोध वापरायचा परवाना घेतला आणि पन्नाशी उलटल्यावर कंपनी काढली. पेन्सिलीनं लिहिणारा, कोणाला अरेतुरे न करणारा हा माणूस धंदा काय करणार, असं सगळ्यांना वाटायचं. धंदा करायला रोहिणी मॅडम होत्या. रोहिणी भागवत, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बोलायला लागल्या की समोरच्याला आपण आधीच हो म्हणून बसलोय असं वाटायचं. मी बी.एस्सी. झालेली, गावोगाव फिरून नमुने गोळा करणारी. माझ्या तोंडात सदा लवंग असायची आणि जिभेलाही जरा धार होती, म्हणून मॅडम मला लवंगी मिरची म्हणत.

चाचणी अशी. थुंकीतलं ते प्रथिन मोजायचं आणि एक रेघ ठरवायची. आकडा रेघेच्या वर गेला तर डॉक्टरांकडे जा, खाली असेल तर घरी जा. रेघ कुठे मारायची? निरोगी माणसांत ते प्रथिन जास्तीत जास्त किती असतं, त्याच्या जरा वर. त्यासाठी आम्ही साठ निरोगी माणसं घेतली. निरोगी एक म्हणजे स्वतः सर. अकरापर्यंत आम्ही ऑफिसातले, बारावा खालचा झेरॉक्सवाला. दाताचे डॉक्टर आमच्याकडे फिरकलेही नाहीत, ऑफिसातल्यांना कोण तपासणार? बाकीचे अठ्ठेचाळीस शिंगणगावचे, निम्मे पुरुष, निम्म्या बायका. अनुसया आक्का, निरोगी एकेचाळीस.

रेघ छान बसली. दवाखान्यातून आणलेले कर्करोगाचे नमुने रेघेच्या कितीतरी वर जात. एका मोठ्या औषध कंपनीनं ही चाचणी देशभर विकायची तयारी दाखवली. करारावर सह्या पुढच्या शुक्रवारी व्हायच्या होत्या. तेवढं जुळलं तर आम्ही तगणार होतो, नाहीतर झेरॉक्सचं दुकान वरपर्यंत वाढवता आलं असतं. त्या कंपनीच्या वकिलांना संमतीपत्रं नव्या नमुन्यात हवी होती, म्हणून मी पुन्हा शिंगणगावात गेले होते.

त्या सकाळी मी आक्कांची सही नाही घेतली. सुनेला आत जाऊन सांगितलं, "आजच्या आज साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्या. कंपनीनं सांगितलंय म्हणा, म्हणजे त्या येतील." मग चोवीस बायकांपैकी उरलेल्या तेवीस जणींच्या घरी गेले. दारादारांत दगड, दगडावर बाई, बाईच्या तोंडात बोट. काहीजणींचं आटोपलं होतं, पण हिरड्यांवरचा काळा पट्टा चूळ भरून जात नाही. उन्हं वर येईपर्यंत माझी मोजणी झाली होती. आक्का धरून एकोणीस.

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि खरं सांगायचं तर गप्प बसायचा विचार केला. पाहिलंच नाही म्हणायचं. दुपारच्या गाडीनं गेले, सह्या घेतल्या, आले, असं सांगायचं. फॉर्म माझ्या हातचे होते, प्रश्न मी विचारला होता, नाही मी लिहिलं होतं. पुढच्या शुक्रवारपर्यंत तोंड मिटून बसायचं, एवढंच तर होतं. मी घाबरले होते आणि नुसती नोकरी जाईल म्हणून घाबरले नव्हते. पण सातारा मागे पडला तरी आक्कांचं वाक्य काही मागे पडेना. येवढ्या शिकल्याल्या मान्सांस्नी.

*

दुसऱ्या दिवशी सर आणि मॅडम दोघांसमोर मी सगळं सांगून टाकलं. सर फळ्याकडे पाठ करून ऐकत होते. पेन्सिल कानावर.

"म्हणजे निरोगी म्हणून घेतलेल्या एकोणीस तोंडांत रोज दोन वेळा तंबाखू जातेय," ते सावकाश म्हणाले. "त्यांचं प्रथिन आधीच वाढलेलं असणार. आपण त्यांच्यावरून रेघ मारली. म्हणजे रेघ फार वर बसली."

"पण सर, दवाखान्यातले रोगी सापडतायत ना," मॅडम म्हणाल्या.

"ते कुठल्याही रेघेनं सापडतील. त्यांना चाचणी कशाला हवी, आरशात दिसतंय. आपण चाचणी काढली ती सुरुवातीच्यांसाठी. तेच नेमके रेघेखाली राहणार. आपण त्यांना सांगणार, घरी जा."

मॅडम खुर्ची पुढे ओढून माझ्याशी नाही, सरांशी बोलू लागल्या.

"सर, मी काय म्हणते ते शांतपणे ऐका. शुक्रवारी सही होऊ दे. मग त्यांच्याच बळावर आपण नवी माणसं घेऊ, नवी रेघ काढू, सुधारलेली चाचणी आणू. आत्ता तोंड उघडलं तर ते परत येणार नाहीत. कंपनी बंद पडेल. चुकीच्या रेघेची चाचणी थोड्यांना तरी वाचवेल. नसलेली चाचणी कोणाला वाचवणार आहे?"

मला राग आला होता. पण मॅडम खोटं बोलत नव्हत्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"जगदाळेबाई, त्या आक्का डॉक्टरकडे का गेल्या नव्हत्या म्हणालात?"

"आपण त्यांची थुंकी निरोगी म्हणून नेली, म्हणून."

"नसलेल्या चाचणीवर आक्कांनी विश्वास ठेवला नसता," सर मॅडमना म्हणाले. "आपल्यावर ठेवला."

"एका बाईचा चट्टा, सर. तो काय आहे तेही अजून माहीत नाही." मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "आणि एकोणीस कशावरून? तू प्रत्येकीला विचारलंस?"

"विचारून काय उपयोग? त्या नाहीच म्हणणार."

"मग नुसत्या हिरड्या बघून आपण करार मोडायचा?"

सरांनी हात वर केला. कानावरची पेन्सिल काढली, कपाटातून जुनी यादी काढली.

"वाद नको. आजच अंदाज घेता येईल," ते म्हणाले. "शिंगणगाव सगळंच बाजूला ठेवू. आपले पहिले बारा तर स्वच्छ आहेत? ऑफिसातले. यांच्यात मशेरीवालं कोणी नाही. या बारा जणांवरून रेघ मारून पाहू. किती खाली येते ते कळेल."

त्यांनी फळ्यावर एक ते बारा आकडे लिहिले. सर आकडे लिहीत असताना मी काही बोलले नसते तरी चाललं असतं, असं अजूनही कधीकधी वाटतं. बारांत एक. काय मोठा फरक पडणार होता? पण मी दात घट्ट दाबले आणि दातांखाली लवंग फुटली.

"अकरा, सर," मी म्हणाले.

"काय?"

"स्वच्छ अकराच आहेत. सात नंबर काढा."

सरांना यादी पाठ होती. खडू फळ्यावर तसाच टेकलेला राहिला. मॅडमना कळायला जरा वेळ लागला. त्यांनी सरांच्या हातातली यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागल्या, मी चेष्टा करतेय असं समजून. मग थांबल्या.

"शैलजा, तू?"

"अकरा वर्षांची होते तेव्हापासून. आईनं लावून दिली, दात दुखत होता म्हणून. सकाळी आणि रात्री." एकदा बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. "इथेही. जेवण झालं की मी गच्चीवर कपडे वाळवायच्या दोरीपाशी जाते ना, ते फोन करायला नाही. काल आक्कांनी डबी पुढे केली, मी घेतली. त्यांच्या गालातला चट्टा पाहिल्यावर घेतली. बोट आपोआप गेलं. म्हणून मला एकोणीसचा आकडा पक्का माहीत आहे, मॅडम. आम्ही एकमेकींना ओळखतो."

"आणि फॉर्म?"

"माझा मीच भरला. तंबाखू खाता का, नाही. मला कळत नव्हतं असं म्हणवत नाही. बी.एस्सी. झालेय मी. पण लिहिताना हात अडखळला नाही, एवढं खरं."

एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. कर्करोगाच्या कंपनीत बसून मशेरी लावणारी बाई! लवंग कशासाठी होती, हसताना मी तोंडावर हात का धरायचे, सगळं त्या फळ्यासमोर उघडं पडलं. सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी हातानंच सात पुसला. मग यादीत माझ्या नावापुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.

"यात तुमचा एकटीचा दोष नाही," ते म्हणाले. "प्रश्न मी तयार केला होता. आमच्या घरात तंबाखू म्हणजे तंबाखू. मला काय माहीत त्याला दुसरं नाव आहे ते." मग यादी मिटून, "तोंड दाखवून घ्या कोणाला तरी."

"बघते, सर," मी म्हणाले.

अकरा माणसांवरून मारलेली रेघ जुन्या रेघेच्या निम्म्याहून खाली आली. सर ती बराच वेळ पाहत उभे राहिले. त्यानंतर मॅडमच उठल्या, फोन उचलला आणि औषध कंपनीला सांगितलं की शुक्रवारी आम्ही येत नाही. खरं कारण सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

*

पुढचे आठ महिने कसे गेले ते न सांगितलेलं बरं. ऑफिसातल्या अकरांतले चौघे सोडून गेले आणि त्यांचं काही चुकलं नाही. जातील असं ज्यांच्याबद्दल सगळे धरून चालले होते, त्या रोहिणी मॅडम राहिल्या आणि रोज नव्या कंपन्यांचे नकार ऐकत बसल्या. आक्कांच्या गालाचा तुकडा काढला. कर्करोगाची सुरुवातच होती, डॉक्टर म्हणाले. सून मला फोनवर म्हणाली, "आत्ती ऐकतच नव्हत्या. कंपनीनं सांगितलंय म्हणल्यावर चप्पल घातली."

मी पुन्हा गावं पालथी घातली. नवीन साठ माणसं शोधायची होती आणि या वेळी पहाटेच जायचं होतं. फॉर्म सरांनी माझ्याकडेच लिहायला दिला. खूप खाडाखोड केली आणि शेवटी पहिला प्रश्न असा लिहिला, सकाळी दात कशानं घासता? यावर कोणी लपवत नाही. बायका डबीच आणून दाखवतात. आज एवढी मोठी कंपनी झाली, पण फॉर्मवरचा तो पहिला प्रश्न आहे तसाच आहे. नव्यानं लागलेली मुलंमुली तो वाचून हसतात, हे काय, टूथपेस्ट विकतोय का आपण?

माझी मशेरी? कमी केली होती. सुटली नव्हती. आणि तोंडही कोणाला दाखवलं नव्हतं. रोज बेसिनच्या आरशात गाल ताणून पाहायचे. आक्कांसारखा चट्टा नव्हता, काही झोंबत नव्हतं, तिखट तर मला भाकरीइतकं लागायचं. मग कशाला? आता नवल वाटतं, पण तेव्हा मनात शंका आली की मी स्वतःला समजवायचे, आपल्याला काही झालं असतं तर आपल्याला कळलं नसतं का. अगदी आक्कांसारखं.

नवी रेघ ठरली त्या दिवशी ऑफिसात पेढे आले. सरांना मात्र पेढ्यांची शुद्ध नव्हती. फ्रीजरमध्ये जपून ठेवलेले जुने साठही नमुने त्यांनी नव्या रेघेला लावून पाहायला घेतले होते. दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. कानावर पेन्सिल नव्हती. त्यांच्या हातात एक कागद होता, तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला नाही.

"जुन्या साठांतले तीन वर आले," ते म्हणाले. "एकेचाळीस आला. आक्का. म्हणजे रेघ बरोबर आहे."

"आणि दुसरे दोन?"

"एक त्रेपन्न. मॅडम गावात फोन लावतायत." त्यांनी कागदाची घडी केली. "चला, माझ्याबरोबर."

"कुठे?"

"दवाखान्यात. मी वेळ घेतलीय."

मी उठले. पिशवी घेतली, डबा घेतला, टेबलावरची कात्री जागेवर ठेवली. तिसरा नंबर कोणता, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. जिन्यात मॅडम फोन कानाला लावून उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि पाठ फिरवली. त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की त्या रडतायत.

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टर तरुण होता, नीट भांग पाडलेला. त्यानं फॉर्म पुढे ओढला. नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं. सर माझ्या शेजारच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले होते.

"तंबाखू खाता?" डॉक्टरनं न पाहता विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

शपथ घेऊन सांगते, मी विचार केला नव्हता. तो शब्द तोंडातून गेला आणि मग मला ऐकू आला. आठ महिने बावीस गावं हिंडून, शेकडो बायकांना विचारून, रोज तो फॉर्म हातात धरून. डॉक्टरचं पेन नाही लिहायला कागदावर टेकलं.

"डॉक्टर," सर हळूच म्हणाले, "त्यांना विचारा, सकाळी दात कशानं घासता."